२१४७४८३६४७ ही मूळ संख्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्याला रविवारी सकाळी आम्ही काही जण सातवी ते दहावीच्या मुलांना घेऊन गणित करत बसतो. मुलं घोडबंदर रोडवरून येतात, तशी ट्रान्स-हार्बरच्या गाडीने ऐरोली, घणसोली, वाशीहूनही येतात. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात बऱ्याच दिवसांपासून एक दहा अंकी संख्या लिहून ठेवली आहे आणि ती पुसायची नाही असं ठरलं आहे. मुलं तिच्याबद्दल विचारतात, न्यायला आलेले पालक त्याहून जास्त विचारतात. तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. कागद-पेन्सिल जवळ ठेवून वाचलंत तर जास्त मजा येईल.

ही संख्या नेमकी कोणती? वाचायची कशी?

२,१४,७४,८३,६४७. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. एकतीस वेळा २ घेऊन त्यांचा गुणाकार करा आणि आलेल्या उत्तरातून १ वजा करा, म्हणजे ही मिळते. थोडक्यात, २ चा ३१ वा घात वजा १. द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) लिहिली तर एका ओळीत एकतीस एक, मध्ये एकही शून्य नाही. यापुढे 'आपली संख्या' म्हटलं की हीच समजा.

मूळ संख्या म्हणजे काय, हे एकदा सांगाल का?

१ पेक्षा मोठी आणि जिला फक्त १ ने व स्वतःनेच निःशेष भाग जातो ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११ वगैरे. बाकीच्या संयुक्त. १ ही मूळही नाही आणि संयुक्तही नाही.

शेवटी ७ आहे, अंकांची बेरीज ४६ येते. मग ती मूळ आहे हे लगेच कळत नाही का?

नाही. शेवटी ७ आहे म्हणून २ आणि ५ गेले. अंकांची बेरीज ४६, तिला ३ ने भाग जात नाही, म्हणून ३ गेला. उजवीकडून एक आड एक अंकांची बेरीज-वजाबाकी केली तर १२ येतात, म्हणून ११ गेला. शाळेतल्या कसोट्या इथे संपतात आणि हजारो संभाव्य विभाजक तसेच उभे राहतात.

पण इथे एक गंमत आहे. आपल्या संख्येला ३ ने भागा, बाकी १. ७ ने भागा, बाकी १. ११ ने, बाकी १. ३१ ने, पुन्हा १. हा योगायोग नाही. आपल्या संख्येच्या अलीकडची संख्या, म्हणजे २१४७४८३६४६, ही २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१ अशी फुटते. मूळ संख्येच्या अगदी शेजारी इतक्या लहान लहान अवयवांची संख्या असणं पुढे एका ठिकाणी फार उपयोगी पडणार आहे, म्हणून हा गुणाकार वहीत लिहून ठेवा.

भागून बघायचंच ठरवलं तर कुठपर्यंत जायचं?

वर्गमूळापर्यंत. एखाद्या संख्येचे दोन अवयव पडत असतील तर त्यातला लहान अवयव वर्गमूळापेक्षा मोठा असूच शकत नाही. शिवाय फक्त मूळ संख्यांनीच भागून पाहायचं. ६ ने भाग जाणार असेल तर २ नेच आधी गेलेला असतो.

हे हाताला बसावं म्हणून मुलांना आम्ही आधी आपापला पिन कोड तपासायला देतो. ठाणे पूर्वेचा, कोपरीचा ४००६०३ लगेच पडतो: ७ × ५७२२९. ऐरोलीचा ४००७०८ सम आहे. घणसोलीच्या ४००७०१ च्या अंकांची बेरीज १२, म्हणून ३ ने भाग जातो. ठाणे पश्चिमेचा ४००६०१ मात्र कशालाच दाद देत नाही. त्याचं वर्गमूळ ६३२ च्या जरा वर आहे. ६३१ पर्यंतच्या ११५ मूळ संख्यांनी भागून पाहिलं की एकही लागत नाही आणि ४००६०१ मूळ ठरतो. पत्र्याच्या पाट्यांवर रोज दिसणारा आकडा मूळ निघाला की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. वाशीचा ४००७०३ मुद्दाम इथे सोडवलेला नाही.

आपल्या संख्येचं वर्गमूळ ४६३४० च्या किंचित पुढे आहे. (४६३४० चा वर्ग २१४७३९५६००, आणि ४६३४१ चा वर्ग आपल्या संख्येला ओलांडतो.) तिथपर्यंत ४,७९२ मूळ संख्या आहेत. म्हणजे सरळ मार्गाने गेलं तर ४,७९२ भागाकार, दर वेळी दहा अंकी भाज्य.

मग ही मूळ आहे हे पहिल्यांदा कोणी सिद्ध केलं? एवढे भागाकार केले?

गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांनी, आणि एवढे करावे लागले नाहीत. १७७२ साली बर्नुलींना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हा निकाल कळवला. तेव्हा ते सेंट पीटर्सबर्गला होते, वय पासष्टीच्या आसपास, आणि दृष्टी जवळजवळ पूर्ण गेलेली. ज्यांना समोरचा कागद दिसत नव्हता त्यांनी दहा अंकी संख्येचा निकाल लावला, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

त्यांनी आधी विचारलं की आपल्या संख्येला विभाजक असलाच, तर तो कसा असायला हवा? उत्तर दोन भागांत आलं. पहिला भाग: त्या विभाजकाला ६२ ने भागलं तर बाकी १ उरलीच पाहिजे. दुसरा भाग: त्याला ८ ने भागलं तर बाकी १ किंवा ७ च उरली पाहिजे. दोन्ही अटी एकत्र केल्या की विभाजक २४८ च्या पटीत १ मिळवून किंवा २४८ च्या पटीत ६३ मिळवूनच येऊ शकतो. तिसरा प्रकारच नाही.

आता मोजा. ४६३४० च्या आत पहिल्या प्रकारच्या संख्या (२४९, ४९७, ७४५…) १८६ आहेत. दुसऱ्या प्रकारच्या (३११, ५५९, ८०७…) सुद्धा १८६. खुद्द ६३ सोडून दिला, कारण तो ७ × ९ आहे. एकूण ३७२. त्यातल्याही कित्येक स्वतःच संयुक्त आहेत. २४९ म्हणजे ३ × ८३, ४९७ म्हणजे ७ × ७१, ५५९ म्हणजे १३ × ४३. त्या गळाल्या. यादीतली पहिली खरीखुरी मूळ संख्या ३११, दुसरी १३०३.

४,७९२ वरून ३७२ च्या आत. विभाजक कसा असू शकतो एवढा विचार केल्यामुळे अवाढव्य हिशोब आटोक्यात आला. ही संख्या फळ्यावर ठेवण्यामागे आमचं कारण हेच आहे. मुलाला 'ही मूळ आहे' हे पाठ करायला सांगितलं तर त्यातून काही मिळत नाही. का मूळ आहे हे कळत गेलं की काम डोळ्यांदेखत कमी होत जातं, आणि तो अनुभव दुसऱ्या कोणी देऊ शकत नाही.

६२ ने भागून बाकी १ का यावी? हे पटत नाही.

पटेपर्यंत मानू नका, हेच योग्य. आधी लहान उदाहरणावर पाहू. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७. हिला २३ ने भाग जातो. आता २ चे घात घ्या आणि प्रत्येकाला २३ ने भागून फक्त बाकी लिहीत चला:

२, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, १.

अकराव्या पायरीला १ आला, आणि पुढे तीच माळ पुन्हा सुरू होते. म्हणजे २३ साठी फेरीची लांबी ११. आणि २३ वजा १ म्हणजे २२, अकराची दुप्पट.

आता आपल्या संख्येकडे या. समजा तिला एखाद्या मूळ विभाजकाने भाग जातो. मग त्या विभाजकाने २ च्या ३१ व्या घाताला भागलं तर बाकी १ उरेल. म्हणजे ३१ व्या पायरीला १ येतो, म्हणून फेरीच्या लांबीने ३१ ला भाग गेला पाहिजे. ३१ स्वतः मूळ आहे, त्यामुळे लांबी १ किंवा ३१. लांबी १ असती तर २ ला भागूनच बाकी १ उरली असती, ते अशक्य. उरली ३१. आता फ्रेंच गणितज्ञ फर्मा यांचं म्हणणं असं की कोणत्याही विषम मूळ संख्येसाठी, २ चा तिच्यापेक्षा एकने लहान घात घेतला की बाकी १ येतेच. म्हणून 'विभाजक वजा १' ही संख्या ३१ च्या पटीत आहे. विभाजक विषम, म्हणून ती सम आहे. म्हणजे ६२ च्या पटीत.

८ ची अट थोडी वेगळ्या वाटेने येते. २ च्या ३१ व्या घाताची बाकी १, तर ३२ व्या घाताची बाकी २. पण ३२ वा घात म्हणजे १६ व्या घाताचा वर्ग. म्हणजे त्या विभाजकासाठी कुठल्यातरी वर्गाची बाकी २ येते. असं ७ साठी होतं (३ चा वर्ग ९), १७ साठी होतं (६ चा वर्ग ३६), २३ साठी होतं (५ चा वर्ग २५). ३, ५, ११, १३ साठी कितीही वर्ग करून पाहा, बाकी २ येत नाही. ज्यांच्यासाठी येते त्या विषम मूळ संख्यांना ८ ने भागून बाकी १ किंवा ७ च उरते. याची सिद्धता लांब आहे, पण नववीतल्या मुलाला नक्की समजते.

३११ ने भाग जातो का हे प्रत्यक्ष लांबलचक भागाकार न करता बघता येतं?

येतं, चार ओळींत.

२ चा ८ वा घात २५६.
२५६ चा वर्ग ६५५३६, ३११ ने भागून बाकी २२६. हा १६ वा घात.
२२६ चा वर्ग ५१०७६, बाकी ७२. हा ३२ वा घात.
त्याच्या निम्मे ३६, हा ३१ वा घात. वजा १ केले, ३५.

बाकी ३५, शून्य नाही. ३११ बाद. निम्मे करायला चालतं कारण ३११ विषम आहे. अशाच रीतीने १३०३ ची बाकी २२६ येते. करून बघा. आमच्याकडे एका मुलीने या ओळी पाहिल्या आणि आपण होऊन पुढच्या संख्येला हात घातला. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे घातांक मूळ असला की २ चा घात वजा १ मूळच असते ना?

नाही. उलट दिशेने खरं आहे: घातांक संयुक्त असेल तर संख्या नक्की संयुक्त. ६ व्या घाताची ६३ घ्या, तिला २ ऱ्या घाताच्या ३ ने आणि ३ ऱ्या घाताच्या ७ ने भाग जातो. पण घातांक मूळ असला तरी खात्री नाही. ११ मूळ आहे आणि २०४७ = २३ × ८९.

या चुकीला मोठा इतिहास आहे. इटलीच्या कताल्दींनी १५८८ पर्यंत १७ आणि १९ व्या घाताच्या संख्या मूळ असल्याचं बरोबर दाखवलं, पण पुढे २३, २९, ३१ आणि ३७ ही मूळ देतात असं म्हटलं. फर्मानी १६४० मध्ये २३ आणि ३७ खोडले, ऑयलरनी १७३८ मध्ये २९ खोडला. चारांपैकी एकटा ३१ टिकला. फ्रान्सचे मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या घातांकांची यादी दिली. अशा मूळ संख्यांना आज त्यांचंच नाव आहे. त्या यादीतले ६७ आणि २५७ चुकीचे निघाले, आणि ६१, ८९, १०७ राहून गेले होते. आपली संख्या ही आठवी मर्सेन मूळ संख्या. तिच्या आधीच्या ३, ७, ३१, १२७, ८१९१, १३१०७१ आणि ५२४२८७.

एकही विभाजक न तपासता मूळ आहे हे ठरवता येतं का?

येतं, आणि या पानावरची माझी सगळ्यात आवडती गोष्ट हीच. एद्वार्द लुका यांनी १८७० च्या दशकात ही कल्पना मांडली आणि डी. एच. लेमर यांनी १९३० मध्ये तिला नेटकं रूप दिलं.

४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी घ्या. पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोनने कमी वेळा एवढं केल्यावर शून्य आलं तर संख्या मूळ, नाही आलं तर संयुक्त.

३१ साठी घातांक ५, म्हणून तीन वेळा: ४, १४, ८, ०. मूळ.
१२७ साठी घातांक ७, म्हणून पाच वेळा: ४, १४, ६७, ४२, १११, ०. मूळ.
२०४७ साठी घातांक ११, म्हणून नऊ वेळा: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही, म्हणून संयुक्त. २३ किंवा ८९ चं नावही न घेता!

आपल्या संख्येसाठी २९ वेळा. सुरुवात ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४ अशी होते. त्यानंतर बाक्या घ्याव्या लागतात आणि आकडे काही अर्थ लागू नये असे उड्या मारतात. एकोणतिसाव्या पायरीला शून्य. ४,७९२, मग ३७२, मग २९.

कॉम्प्युटरमध्ये ही संख्या सारखी दिसते. मूळ आहे म्हणून निवडली का?

ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांत काम करणारे पालक फळा बघितल्या बघितल्या हेच विचारतात. नाही, मूळ असण्याचा त्याच्याशी संबंध नाही. ३२ बिटांत (म्हणजे ० किंवा १ ठेवायच्या ३२ जागांत) पूर्णांक ठेवताना एक बिट ऋण-धन चिन्हासाठी जातो, उरतात ३१. सगळे १ केले की सर्वांत मोठी धन संख्या, म्हणजे आपली. ३१ हा नेमका मर्सेन मूळ देणारा घातांक निघाला इतकंच. १६ बिटांची मर्यादा ३२७६७ ही ७ × ३१ × १५१ आहे, आणि ६४ बिटांच्या ९२२३३७२०३६८५४७७५८०७ ला ७ ने भाग जातो. २०१४ मध्ये एका कोरियन गाण्याचे व्ह्यूज आपल्या संख्येपलीकडे निघाले तेव्हा यूट्यूबने मोजणी ६४ बिटांवर नेली.

२०३८ मध्ये काय होणार आहे?

बऱ्याच प्रणाली १ जानेवारी १९७० (ग्रीनिच वेळ) पासून गेलेले सेकंद मोजून तारीख ठरवतात. हे सेकंद ३२ बिटांत ठेवले असतील तर मोजणी मंगळवार, १९ जानेवारी २०३८ ला भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी आपल्या संख्येवर पोचेल. पुढच्या सेकंदाला ती ऋण होईल आणि घड्याळ डिसेंबर १९०१ दाखवेल. नवीन फोन आणि कॉम्प्युटर ६४ बिटांवर गेलेले आहेत, चिंता आहे ती यंत्रांच्या पोटात बसवलेल्या जुन्या प्रोग्रामची.

ती मूळ आहे याचा मग प्रत्यक्ष उपयोग कुठे होतो?

यादृच्छिक वाटणारे आकडे तयार करायला. कृती साधी: हातातल्या संख्येला १६८०७ ने गुणा, आपल्या संख्येने भागा, बाकी ही पुढची संख्या. १ पासून सुरू केलं तर १, १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३… असे आकडे येतात. ही पद्धत १९६९ पासून वापरात होती, आणि १९८८ मध्ये पार्क व मिलर यांनी ती किमान दर्जाची कसोटी म्हणून सुचवली. सी प्लस प्लसच्या प्रमाणित लायब्ररीत ती आजही आहे.

यातली खुबी अशी की ही माळ १ ते २१४७४८३६४६ पर्यंतची एकूण एक संख्या एकेकदा घेऊन मगच १ वर परतते. का? ७ चे घात घेत गेलं तर आपल्या संख्येच्या बाकीत पूर्ण फेरी होते. १६८०७ म्हणजे ७ चा ५ वा घात. पाच-पाच पावलं टाकूनही पूर्ण फेरी व्हायची तर फेरीच्या लांबीला ५ ने भाग जाता कामा नये. वहीत लिहून ठेवलेले अवयव काढा: २, ३, ३, ७, ११, ३१, १५१, ३३१. त्यात ५ नाही.

मात्र पुढचा आकडा मागच्यावरून सहज काढता येतो, म्हणून पासवर्ड किंवा ओटीपीसाठी ही पद्धत कधीही वापरू नये.

बँकेच्या व्यवहारांची कुलपं मूळ संख्यांची असतात म्हणे. त्यात ही असते का?

नाही, फारच लहान आहे. आरएसए पद्धतीत २०४८ बिटांची चावी घेतली तर तीनशेहून जास्त अंकी दोन मूळ संख्या लागतात आणि त्या गुप्त असाव्या लागतात.

परिपूर्ण संख्येशी हिचं काय नातं?

२८ चे स्वतःला सोडून बाकीचे विभाजक १, २, ४, ७, १४. बेरीज २८. अशी संख्या परिपूर्ण. युक्लिडने दाखवलं की प्रत्येक मर्सेन मूळ संख्येपासून एक परिपूर्ण संख्या मिळते, आणि ऑयलरनी दाखवलं की प्रत्येक सम परिपूर्ण संख्या याच रीतीने मिळते. ७ ला ४ ने गुणलं की २८. आपल्या संख्येला २ च्या ३० व्या घाताने गुणलं की २३०५८४३००८१३९९५२१२८, आठवी परिपूर्ण संख्या. तिचे विभाजक ६२.

१८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने लिहिलं की हिच्यापुढची परिपूर्ण संख्या बहुधा कधी सापडणार नाही, कारण अशा संख्या नुसत्याच कुतूहलाच्या, उपयोग काही नाही, तेव्हा कोण कष्ट घेणार? १८७६ मध्ये लुकांनी १२७ व्या घाताची ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं हाताने सिद्ध केलं. १८८३ मध्ये रशियातल्या पर्वूशिन यांनी ६१ व्या घाताची केली. माणूस कुतूहलापोटी किती कष्ट घेतो याचा बार्लोंना अंदाज आला नाही.

शेजारच्या मूळ संख्या कोणत्या? ही जोडमूळ आहे का?

अलीकडची २१४७४८३६२९, पलीकडची २१४७४८३६५९. जोडमूळ नाही: दोनने लहान असलेली ५ ने संपते आणि दोनने मोठीला ३ ने भाग जातो. उलट वाचली तर शेवटी २ येतो, म्हणजे ती सम. दोन वर्गांच्या बेरजेतही ती मांडता येत नाही, कारण ४ ने भागून बाकी ३ उरते.

कापरेकरांचं आणि ठाण्याचं काय नातं आहे?

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९०५ मध्ये डहाणूला जन्मले, तेव्हा डहाणू ठाणे जिल्ह्यात होतं. त्यांचं माध्यमिक शिक्षण ठाण्यात झालं, पुढे फर्ग्युसन कॉलेज, आणि मग देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिक्षक. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक जगभर ओळखला जातो. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला त्यांनी हर्षद संख्या म्हटलं. आपली संख्या हर्षद नाही. ती मूळ आहे, मग ४६ ने भाग जाईलच कसा! शाळामास्तरांच्या पगारात, वही-पेन्सिलवर संख्यांचा अभ्यास करता येतो हे ज्यांनी दाखवून दिलं ते आपल्याच गावात शिकले, हे इथल्या प्रत्येक मुलाला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

मोठ्यात मोठी मूळ संख्या कोणती?

शेवटची अशी कुठलीच नाही, मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडने सिद्ध केलं आहे. सापडलेल्यांमध्ये ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांनी विक्रम मोडला: २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १, अंक ४,१०,२४,३२०. हीसुद्धा मर्सेनच, आणि सिद्धता पुन्हा लुका-लेमरच्या ४ पासूनच. मर्सेन मूळ संख्या अनंत आहेत की नाहीत, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

भारताचं नाव या विषयात कायमचं कोरलं गेलं ते २००२ मध्ये. आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अगरवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी कोणतीही संख्या मूळ आहे का हे निश्चितपणे आणि झटपट ठरवणारी रीत दिली. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच पदवीधर झाले होते.

याचा स्कॉलरशिपला, ऑलिंपियाडला उपयोग होईल का?

संख्या सिद्धांत (नंबर थिअरी) हा गणित ऑलिंपियाडच्या मुख्य विषयांपैकी एक आहे, आणि ऑलिंपियाडचं काम पाहणारं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र खाडीपलीकडे मानखुर्दला, वाशीहून दोन पावलांवर आहे. तेव्हा हो, होईल. पण केवळ तेवढ्यासाठी मुलाला पाठवू नका. सकाळभर एका संख्येपाशी बसायची गोडी लागली तर गुण मागून येतात.

२ चा २१४७४८३६४७ वा घात घेतला आणि १ वजा केला, तर ती संख्या मूळ असेल का?

हा प्रश्न एका सातवीतल्या मुलाने विचारला, आणि तो अगदी योग्य आहे. ३ पासून ७ मिळते, ७ पासून १२७ मिळते, ३१ पासून आपली मिळते. मग आपलीपासून? ती संख्या ६४ कोटी ६४ लाख ५६ हजार ९९३ अंकी आहे. लिहायची सोय नाही. तरीही ती मूळ नाही हे माहीत आहे, कारण तिचा एक विभाजक सापडला आहे: २९५२५७५२६६२६०३१.

ऑयलरची अट इथेही लागू पडते का ते बघा. त्यातून १ वजा करा आणि आपल्या संख्येने भागा. निःशेष भाग जातो, उत्तर १३७४९०, सम. आता शेवटचे तीन अंक ०३१ घ्या आणि ८ ने भागा. बाकी ७.